डब्यातली अबोली

सुके तुरे मी टेलर-चॉकच्या डबीत घालून आणले.
"डबी कोरडी ठेवा," एवढंच हेमांगी म्हणाली होती.
विमानतळावर कुणी विचारलं नाही.

जहरात, दुकानाच्या वरच्या खोलीत
चार खाटा, एक खिडकी,
खिडकीबाहेर एसीची लोखंडी घोडी.
तिच्या खालच्या दांडीवर, तुपाच्या डब्यात,
अबोलीची सोय लावली.
नळाच्या पाण्यानं पानांच्या कडा करपायच्या,
एसीच्या ठिबकीवर मात्र ती धरली.
पन्नास अंशांत उभी राहिली,
दिशदाशाच्या चिंधीची सावली घेऊन.
फोनवर हेमांगी:
"पाणी जास्त घालू नकात. कुसतली."
या देशात पाणी जास्त होईल,
असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

जानेवारीत एसी बंद. वाळवंटाकडून शमाल.
आमच्या गावची थंडी म्हणजे
पहाटे चादर जरा वर ओढायची.
त्यापुढची थंडी हिला ठाऊक नव्हती. मलाही.
शफीकुल ट्रक लावून आला, म्हणाला,
सालमीच्या रस्त्यावर काचांना मीठ धरलंय.
मीठ नव्हतं ते.

हाताला लागला तो उचलला:
अबू मिशारीचा लोकरी दिशदाशा,
कॉलर बाकी, बटणं बाकी.
डब्याभोवती गुंडाळला, गळ्याशी दोरा बांधला.
रात्रभर खिडकीबाहेर
एक बुटकं गिऱ्हाईक उभं.

सकाळी खालची पानं काळी, उकडल्यासारखी.
वरची दोन शाबूत, आणि एक सुका तुरा.
कापडाला मातीचा डाग,
आणि अबू मिशारी दारात.
डाग पाहिला. गुडघे धरत जिना चढला.
वाकून हुंगलं.
"वास नाही?"
नाही.
"खाता?"
नाही.
"मग?"

माझं अरबी मापांपुरतं. खांदा, बाही, लांबी.
चार बोटं दाखवली,
मग हात डोक्यामागे नेला, अंबाड्याच्या जागी.
चार दिवस. टिकते.
तो बघत राहिला. माझ्याकडे, की माझ्या टकलाकडे, कोण जाणे.
मग म्हणाला, बाही अर्धा इंच वाढव.
डागाचं काही बोलला नाही.

एप्रिल सरता सरता एसी सुरू झाला.
मध्यरात्री पहिला थेंब त्या सुक्या तुऱ्यावर पडला असणार,
कारण टक्
आणि काचेवर खडा आपटावा तसं बी.
शफीकुल दचकून उठला.
"सुई मोडली?"
नाही रे.
अबोली.
झोप.