एकशे पंचवीस

गाडी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
व्हिल्निसच्या कोठारात तिच्यावर कोंबड्या बसत,
सीटवर अजून त्यांची सही आहे.
एकशे पंचवीस सीसी, टू-स्ट्रोक.
सहाशे युरो म्हणाला, मग माझे हात बघून पाचशे वीस,
आणि वर एक क्लचची केबल, जुन्या वर्तमानपत्रात
मासळीसारखी गुंडाळून.

आईने वहीत सगळ्यात वर लिहिलं: हेल्मेट. नवं.
"बाकी कुणाच्याही अंगावरचं चालेल.
जे एकदा दुसऱ्याच्या डोक्यासकट पडलंय, ते नको."
बेकरीत रात्रपाळी करते ती, फारसं बोलत नाही.
एवढं बोलली म्हणजे ठराव पास.

बूट मार्गेर्सचे, दोन नंबर मोठे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे;
मी तीन-तीन मोजे घालून पसरले,
तरी बोटं टोकाला पोचली नाहीत.
छातीचं कवच हॉकीच्या पोरांकडून उसनं.
गॉगलच्या काचेवर इतके ओरखडे
की डोळ्यांसमोर कायम
बारीक पाऊस.

हिवाळा स्वयंपाकघरात गेला.
टेबलावर इंजिन, खाली आंघोळीचा टॉवेल.
पिस्टन बाहेर काढला, चहाच्या लहानशा कपाएवढा,
गालावर उभे चरे.
नवा, रिंगांसकट, एकशे दहा युरो.
एकशे दहा युरो म्हणजे बावीस तास बर्फ ओढणं:
शाळेचं अंगण, चर्चच्या पायऱ्या, दातांच्या डॉक्टरचं फाटक.
फावड्याच्या दांड्याने हाताला जे घट्टे दिले
तेच पुढे हँडलला कामी आले.

पेट्रोलमध्ये तेल किती, ते व्हिल्निसने शिकवलं.
"कमी घातलंस तर इंजिन रडेल, जास्त घातलंस तर प्लग.
आणि एअर फिल्टर धू. दर वेळी धू.
दात घासतेस ना?
वाळू आधी गरिबाला गाठते, दाग्निया."

मे महिन्यात पहिली शर्यत, गौयाच्या अलीकडे, पाइनच्या रानात.
इतरांच्या व्हॅन, तंबू, सुटी चाकं, कॉफीचं यंत्र.
आमचा बटाट्यांचा ट्रेलर, गाडी दोन पट्ट्यांनी बांधलेली,
त्यातला एक आईच्या कोटाचा.
एंट्री फी भरून झाल्यावर
राईचा पाव आम्ही ट्रेलरच्या कडेवर बसून खाल्ला.

बत्तीस गाड्या. गेट पडलं.
एकतीस गेल्या.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
किक.
किक.
पट्टा नसलेला कोट धरून आई दोरीपलीकडे उभी, वाऱ्यात.
किक, आणि ती म्हातारी खोकली, मग किंचाळली.
समोर कुणी नाही. तोंडावर वाळू उडवणारं कुणी नाही.
अख्खा ट्रॅक, पाइनसकट, उन्हासकट,
माझा एकटीचा,
एंट्री फीमध्ये.

पहिल्याच उडीला घाबरून थ्रॉटल सोडला.
नाक खाली, दाताखाली वाळू,
क्लचचा लिव्हर वाकून कोपरासारखा.
उठले. कसं ते बुटांना विचारा,
एक मागेच राहिला होता, परत जाऊन घातला.

चौथ्या फेरीत, लांब वळणावर, एक निळी गाडी आडवी.
यंदाचीच, स्टिकरसुद्धा चकचकीत.
तिचा पोरगा तुटलेली साखळी हातात धरून उभा,
जशी काही ती कुणीतरी त्याला सांभाळायला दिली होती.
मी बाजूने गेले. हात वर केला. त्यानेही केला.

फळ्यावर: एकतिसावी.
आईने तो आकडा वहीत लिहिला,
खर्चाच्याच रकान्यात, कारण दुसरा रकाना नव्हता.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंप, धुण्याचं यंत्र,
एका नाण्याला दोन मिनिटं.
नाणं एकच निघालं.
मी फिल्टरच्या तोंडाशी पिशवी धरली, आईने पाण्याची बंदूक.
डावी बाजू लख्ख झाली, कोंबड्यांची सहीसुद्धा पुसट,
आणि पाणी थांबलं.
ती क्षणभर तशीच उभी, नेम धरून.

"उजवी पुढच्या वेळी," म्हणाली,
आणि कोटाचा पट्टा घट्ट ओढला.
घरापर्यंत ज्यांनी आम्हाला डावीकडून पाहिलं
त्यांना वाटलं असेल,
या मायलेकींनी नवी गाडी घेतली.