वॉर्निश

नदीला पहिल्यांदा थुंकी लावली
तेव्हा थोडी लाज वाटली.
पण एवढ्या जुन्या काजळीला
थुंकीहून सौम्य काही अजून सापडलेलं नाही.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर टेकवायचा,
आणि रोज बोटाच्या पेराएवढं
आभाळ पुसायचं.

हॉलंडमधली कुठलीशी नदी. चित्रकार अज्ञात.
एक होडी, होडीत वाकलेला माणूस,
काठावर तीन गाई, लांब चर्चचा सुळका,
वरचं सगळं नुसते ढग.
आणि या सगळ्यावर मधासारखा उजेड.

हिराजी वैती या दालनात एकोणीस वर्षं उभे आहेत.
खुर्ची आहे, पण त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नाही.
शाळेची पोरं येतात, गाई मोजतात, पळतात.
होडीतल्या माणसाला हिराजींनी कधीच घरी पोचवलाय:
दिवस मावळलाय, जाळं ओलं आहे,
वळणापलीकडे कुणीतरी चूल पेटवलेली.
"एवढं वल्हं मारलं का सुटला," म्हणायचे,
आणि सहा वाजता स्वतःही
काळ्या घोड्यावरून माहुलला निघायचे.

वॉर्निश पिवळं पडतं. मुंबईत जरा लवकरच.
ते थुंकीने जात नाही, द्रावण लागतं, मास्क लागतो.
एप्रिलच्या मध्यावर ढग निळसर निघाले.
मेमध्ये पाणी: राखाडी, गार,
आणि गाईंच्या पाठीवर
सोनं होतं तिथे दव.

मी हिराजींना वर बोलावलं.
ते दिव्याखाली वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला.
काठावरचा खुंट लांबूनच दाखवला:
ओल वर, पाणी खाली. ओहोटी लागलेली.
"जालं सुकं हाय," म्हणाले.
"म्हंजे आता निंगालाय तो. सकाल हाय ही."

बराच वेळ एसीचा आवाज.

ट्रेमध्ये कालच्या काड्या पडल्या होत्या,
टोकं चहात बुडवल्यासारखी.
त्यातली एक उचलून त्यांनी वास घेतला, परत ठेवली.
तीस तारखेला रिटायर होतायत.

दारापर्यंत गेले आणि थांबले.
"न्ह्यारी करून निंगाला असंल का?"

तेव्हापासून भिंग लावून बसले आहे.
त्याच्या पायाशी काहीतरी तपकिरी आहे,
फडक्यात बांधलेलं असावं,
किंवा मळ.
तिथे अजून कापूस लावलेला नाही.