न ऐकू येणारा डी

दांडिया बझारात, झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास.
परीक्षा मार्चात. मार्कर सुकत आलेला.
फळ्यावर लिहितो : यू, एस, ई, डी. मग टू.

म्हणताना ‘यूस्टू’ म्हणा, एका दमात.
‘यूज्ड’ नाही, ते जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत.
इथे झ नाही, स आहे.
आणि डी लिहायचा फक्त,
बोलताना जीभ त्याला डच्चू देते.

“मग लिहायचा कशाला, सर?” पार्थ पटेल,
हाताला अजून सेव-उसळीचा वास.

अरे, लग्नपत्रिकेत पणजोबांचं नाव
छापतोच ना आपण?
जेवायला थोडेच येतात.

पण ‘डिडन्ट’ आला, की इथला डी काढा.
भूतकाळ एका वाक्यात एकदाच भरायचा,
घरपट्टीसारखा.

आणि ‘आय ॲम यूस्टू’ म्हणजे निराळंच.
त्यात संपलेलं काहीच नसतं,
नुसतं टोचेनासं झालेलं असतं.
(हे मी पुस्तकात बघून सांगत नाही.)

मग उर्वी फणसेची वही :
माय फादर यूज टू वेट फॉर मी डाउनस्टेअर्स.
लाल पेनानं डी घातला
आणि उगाच खिडकीशी गेलो.
खाली, रसवाल्याच्या बल्बखाली
फणसे उभे. स्कूटर स्टँडवर,
हेल्मेट कोपरात अडकवलेलं,
खांद्यावर मुलीचा स्वेटर.

“अगं, आहेत की ते.”
“माहितीये, सर. पण सप्टेंबरात मी तिकडे असेन ना.
तिकडून लिहिलंय.”

खोडण्यासारखं काही उरलं नाही.
सही केली.

“मराठीत कसं म्हणायचं हे?”
तिची शाळा गुजराती, मराठी घरापुरती.
म्हटलं, म्हण : बाबा घ्यायला यायचे.
ती पुटपुटली,
आणि दप्तर भरण्याच्या घाईत की कशानं
शेवटाला एक त लागला :
बाबा घ्यायला यायचेत.

चूक होती. सांगायला हवी होती.
एवढ्याशा त नं
होऊन गेलेलं सगळं
अजून व्हायचं राहिलं होतं.

खाली हॉर्न वाजला, दोनदा.
ती जिना उतरली.
मी डस्टर शोधत राहिलो,
हातातच होतं.