चारशे बावीस पावलं

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडं,
शब्बीरभाईच्या भंगारात
मिक्सरच्या भांड्यात घातलेला सापडला:
काळा, चपटा, ग्राफ काढणारा,
पाठीवर नेलपॉलिशनं लिहिलेलं, लॅब दोन.
"साठ देव. चलता कि नै, अपन को नै मालूम."
मी साठ दिले, गुपचूप.
घासाघीस केली असती तर
शब्बीरभाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं.

असे अकरा आहेत माझ्याकडं.
बियाण्याच्या कापडी पिशवीत एकेक,
सोबत सिलिकाची पुडी, वर चिठ्ठी:
कुठं मिळाला, कोणती कळ रुसते.
भाचा मोबाइलवर बोटानं वक्र ताणतो, सोडून देतो,
विचारतो, हे कामून ठेवलेत मामा?
हळू आहेत म्हणून, मी म्हणतो.
त्याला वाटतं मी गंमत करतोय.

नव्वद साली पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर एकच होता,
इलियासचा. त्याच्या भावानं दमामहून धाडलेला.
प्रोग्रामला चारशे बावीस पावलं,
चारशे तेविसावं टाकायला जागा नाही.
वहीच्या मागच्या पानावर आम्ही काटकसर करायचो.
ओळीतला शेवटचा कंस मिटवला नाही तरी चालतं
हे कळलं, त्या रात्री इलियासनं
मेसमध्ये दोन भाकरी जास्त खाल्ल्या.
लेबल एक, गोटू एक,
जालना-बदनापूर-जालना करणारी काळीपिवळी:
भरेपर्यंत हलत नाही, भरली की थांबत नाही.
शून्यानं भागलं की पडद्यावर यायचं, मा एरर.
"ले, तेरी माय रुठी," इलियास म्हणायचा,
आणि आम्ही पहिल्या पावलापासून मोजायला बसायचो.
मग कधीतरी ठिपका निघायचा,
एकेक घर उजवीकडं,
आणि वर्षभर घोकलेलं समीकरण
पहिल्यांदा तोंड दाखवायचं.

पुढं इलियासही दमामला गेला.

घरी आणून पुसला. बाजूची कळ सरकवली.
लागला!
आणि पी झिरो भरलेला होता.
मी खुर्ची ओढून नीट बसलो.
याची आठवण सेलच्या जिवावर असते,
तिन्ही एकदम काढले की कोरी पाटी.
म्हणजे कोणीतरी इतकी वर्षं
एक काढून एक घालत आलं होतं,
एकदाही न चुकता,
आणि मग एके दिवशी मिक्सरचं भांडं.

वहीत उतरवून घेतला.
चार वेळा प्रश्नचिन्ह, प्रत्येकाखाली शंभर,
शेवटी चारशेनं भागाकार.
अठरा वर्षं बियाण्याच्या कंपनीत काढलीत मी,
एवढं ओळखू येतं:
चार ट्रे, शंभर-शंभर दाणे, उगवण तपासणी.
शेवटचा कंस एकाही ओळीत मिटवलेला नाही.
मुरलेला हात. नेलपॉलिशवरून म्हणावं तर बाईचा.
फक्त दिवस शून्य टाकला की माय रुसते.
सात पावलांत दुरुस्त झालं असतं.
मी हात लावला नाही.

पडदा फिका पडत चाललेला.
घड्याळवाल्याकडून तीन सेल आणले.
"एवढ्या उकाड्यात पंखा कामून बंद केला?"
बायकोनं आतून विचारलं.
एक काढला, एक घातला.
दुसरा.
तिसरा घामेजल्या बोटांतून निसटला,
फरशीवर गोल फिरत कपाटाखाली गेला.
गुडघ्यावर बसून केरसुणीनं ओढून काढला,
सदऱ्याला पुसला, बसवला.
पी झिरो होता तिथंच होता.

आकडे मनानं टाकले.
तिसऱ्या दिवशी ठिपक्यानं मान वर काढली,
पाचव्याला उभा चढला,
सातव्याला सपाट.
एक्क्याण्णव टक्के.
उरलेल्या नऊंबद्दल प्रोग्राम काही विचारत नाही.

मी पंखा लावला.