एकशेबारा आणि एकशेतेरा

विट्यात, मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर माझा स्टुडिओ.
खाली तांब्याच्या तारेचा जळका वास, वर मी
आणि एक कॉम्प्युटर, ज्याचा पंखा
एप्रिलमध्ये माझ्याहून जास्त धापा टाकतो.
लग्नं, बारशी, पतसंस्थेची सभा. भागतं.

काल रात्री नऊला जिना वाजला.
माळावरच्या फायनलचा निकाल अडकला होता:
आकोबा हसब्यांचा चिमण्या की शिराज मुलाण्यांचा तुफान.
दोघेही आले, मागं चौदा माणसं,
चपला दाराबाहेर काढून,
जसं काही आत मी नाही, देवीच बसलीय.
"ताई, जरा हळू करून दाखवा.
नाक कुणाचं पुढं, एवढंच."

क्लिप सात सेकंदांची. सेकंदाला पंचवीस फ्रेम.
पूर्ण वेगात नुसता धुरळा, धुरळ्यातून एक ओरडा.
मी मार्कर लावला एकशेबाराव्या फ्रेमवर:
दोन्ही नाकं चुन्याच्या रेषेच्या अलीकडं.
उजवा बाण, एकदाच. एकशेतेरा:
दोन्ही नाकं पलीकडं.

"मधलं दाखवा की," शिराजभाई म्हणाले.

मधलं.

स्पीड सदतीस टक्के केला.
मार्कर आता तीनशे दोन पूर्णांक सात दशांशावर हवा होता,
आणि फ्रेमला दशांश नसतो.
सॉफ्टवेअर गुपचूप तीनशेतीनवर जाऊन बसलं,
रात्रीत बांध सरकावा तसं,
सकाळी विचारलं तर म्हणणार, इथंच होता.
ओरडा मात्र जुन्याच जागी राहिला.
बैल अजून निम्म्या माळात
आणि माणसं जिंकून मोकळी.

रेषेपाशी आलो.
चिमण्याला आठ पाय होते, दोन कपाळं, एकातून दुसरं दिसणारं.
ड्रायव्हरचा हात खांद्यापासून सुटून
हवेत एकटाच बैल हाकत होता.
"ह्ये काय करणी केलिया का काय?" कुणीतरी मागून.
मी दुसरी पद्धत लावली,
जिच्यात यंत्र हालचालीचा अंदाज घेऊन
मधलं चित्र स्वतःच काढतं.
पंखा किंचाळला. पट्टी हिरवी झाली.
आणि बघा, स्वच्छ:
चिमण्याचं नाक पलीकडं, तुफानचं अलीकडं, चार बोटं.
शिट्ट्या. कुणीतरी माझ्या टेबलावर गुलालाची पुडी ठेवली.

गप्प बसले असते तर संपलं होतं.
पण मी एक टक्का कमी केला. छत्तीस.
तुफान पुढं.
पुन्हा सदतीस. चिमण्या.
छत्तीस. तुफान.

खालच्या दुकानात कुठली तरी मोटार
टेस्टिंगला लावलेली, तिचा घुमारा तेवढा ऐकू येत होता.

मी सांगितलं, ही चित्रं कॅमेऱ्यानं पाहिलेली नाहीत.
दोन फ्रेमच्या मध्ये बैल हातभर पुढं जातो,
तो हात कुणाकडंच नाही.
हे नाही सांगितलं
की कॅमेरा माझा होता, पन्नास फ्रेमवर घेता आलं असतं,
मेमरी कार्ड पुरणार नाही म्हणून मी पंचवीसवर ठेवलं.
साडेतीनशे रुपयांचं कार्ड.

झेंड्याचे पंच गणू लोखंडे कोपऱ्यात उभे होते.
"माझ्या डोळ्यात त्या टायमाला कचरा गेला हुता," ते म्हणाले,
"म्हणून तर मशिनीवर सोडलं."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग आकोबा उठले, गुलालाची पुडी परत खिशात घातली.
"शिराज, गदा सहा म्हैनं तुझ्यात, सहा म्हैनं माझ्यात. झालं?"
"झालं," शिराजभाई म्हणाले. चपला पायात गेल्या.
दोघं निम्मा जिना उतरले असतील.

"पर पैलं कुणाच्यात?"

सोळाच्या सोळा माणसं
परत वर आली.