केळीची खोली

सावद्याबाहेर हायवेला लागून
मी केळीसाठी खोल्या उभ्या करतो.
भिंत म्हणत नाही आम्ही, पॅनल म्हणतो:
दोन्हीकडून पत्रा, मधे चार बोटं फोम.
बाहेर मे महिना,
आत सतरा अंश.
हिरवा घड आत जातो आणि पाचव्या दिवशी
दिल्लीच्या ट्रकमध्ये पिवळा होऊन चढतो,
झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

माझी बायको जुलेखा
भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स.
रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी येते
आणि स्लॅबखाली आडवी होते.
अकराला स्लॅब तापतो.
एकला कूलर नुसती वाफ फेकतो.
अडीचला ती ओली चादर अंगावर घेऊन
न्हाणीघराच्या फरशीवर.

एकदा तिथूनच म्हणाली, डोळे न उघडता,
"रुबाब, तुझ्या त्या केळ्यांच्या खोलीत
एक खाट बसेल का रे?"

मी हसलो.
रात्री हसू आलं नाही.

यावल रोडला दीड गुंठा होता.
पॅनल नाशिकहून आले, पत्र्याऐवजी सिमेंटची फळी,
प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: उ-१, उ-२, प-१.
चार पोरं, नऊ दिवस. छपरालाही तेच.
पैसे विटांपेक्षा जास्त लागले, लपवत नाही,
जुलेखाच्या पतपेढीचा हप्ता अजून चालू आहे.

पाया आणि फरशीला बोलावलेला पारोळ्याचा सुपडू मिस्तरी
काम संपलं तरी रोज येऊन बसायचा.
ना वीट, ना रेती, ना भिंतीला पाणी मारणं.
बोटाच्या पेराने ठोकून म्हणाला,
"भाऊ, हाई घर शे का खोकं?"
शेजारचे विचारत, वारा आला तर? उंदीर आले तर?
वाऱ्याचं मला माहीत होतं.
उंदरांचं म्हणालो, बघू.

पश्चिमेला मी खिडकीच ठेवली नाही.
उत्तरेची तिने भांडून मागून घेतली,
"सातपुडा दिसला पाहिजे, मी काय केळं आहे?"
छपराजवळ श्वासापुरती एक नळी काढली,
कारण इतकं बंद घर
माणसाला घुसमटवतंही.

मग शेवटची परीक्षा.
दारं लावली, बाहेर हवा फेकणारा पंखा लावला,
आणि अगरबत्ती घेऊन सांध्यासांध्याशी फिरलो.
धूर सरळ वर. सरळ वर.
प-३ पाशी एकदम आत वळला,
कुणी पलीकडून फुंकर मारावी तसा.
"इथं," सुपडू म्हणाला,
माझ्या हातातून अगरबत्ती काढून घेतली
आणि उकिडवा बसून, जिभेचं टोक दातात धरून
सगळी खोली स्वतः तपासली.
अकरा जागा निघाल्या.
मला सहाच सापडल्या असत्या.
धाब्याच्या घरात वाढलेला माणूस तो,
दर वैशाखात वर चढून
खाऱ्या मातीने भेगा बुजवलेला.
बोलला काहीच नाही.
मी फोमची बंदूक चालवली, तो बोट दाखवत गेला.

पहिला कडक दिवस:
बाहेर सेहेचाळीस.
आत छोटा एसी, सकाळी तासभर, मग बंद.
मीटरचा लाल दिवा
सवडीने लुकलुकत होता.
दीपनगरच्या चिमणीला कळलंही नसेल
की एका घराने आज कमी मागितलं.

एक वाजला. अडीच.
चारला मी दार किलकिलं करून पाहिलं.
साडेचारला पुन्हा,
या वेळी छाती वरखाली होतेय ना एवढंच बघायला.

सव्वापाचला ती बाहेर आली.
गालावर उशीची घडी उमटलेली,
केसांचा पिंजारा,
उन्हाकडे अनोळख्यासारखी बघत म्हणाली,
"किती वाजले? पिकले की काय मी?"

मी चहा ठेवला.
उत्तरेच्या खिडकीत डोंगर धुळकट होता.
प-३ च्या सांध्यावर तिने सहज तळवा टेकवला,
क्षणभर तसाच ठेवला,
आणि ड्युटीचा डबा भरायला आत गेली.