अंगावरच शिवताना

ग्रिम्सबीच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर,
आम्ही भिंतभर तपकिरी कागद चिकटवला
आणि त्यावर पेशंटचा रस्ता आखला.
पिवळी चिठ्ठी म्हणजे थांबणं,
गुलाबी म्हणजे नर्स,
बाण म्हणजे पुढे चला.
माझं काम एवढंच: घोडं कुठे पेंड खातं ते शोधणं.
त्या दिवशी ते सतरा ठिकाणी पेंड खात होतं
आणि प्रत्येक ठिकाणी खाली लिहिलेलं: रिसेप्शन.

म्हणून रिसेप्शन काढलं.
माणूस नाही काढला, असं इतिवृत्तात नमूद आहे;
फक्त खिडकी.
तिच्या जागी एक ॲप आलं, निळं, नम्र,
रात्री अडीचलाही जागं.
मार्जरी थॅकरेबाईंना मागच्या खोलीत
जुने कागद स्कॅन करायला बसवलं.

वरून मागणी नेहमीचीच होती,
आखूडशिंगी, बहुदुधी,
शिवाय गाईने आपली धार आपणच काढावी.
मी हो म्हटलं.
मला खरंच वाटत होतं, जमेल.

पहिल्या तीन महिन्यांचे आकडे देखणे आले.
कुणीतरी लिंबाचा केक आणला.

आकड्यांच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक रकाना होता:
आले नाहीत.
त्यात हर्बर्ट स्टॅनिफोर्थ चार वेळा.
वय एक्याऐंशी, डायबेटिस, पायाला जखम.
त्याआधीच्या नऊ वर्षांत एकदाही नाही.

थॅकरेबाईंनी न बोलता खणातून वही काढली.
समासात पेन्सिलीने:
स्टॅनिफोर्थ – फोन वीसदा वाजू द्या, बोटीच्या इंजिनाने कान गेलेत.
गुरुवारीच बोलवा, पुतणीची गाडी असते.
मिसेस ऑलरटन – दाराजवळच्या बाकावर नको, तिथे नवरा गेला.
डॅरन – औषधाला येत नाही, उबेला येतो. बसू द्या.
पानामागून पान.
आमच्या भिंतीवर
यातल्या कशालाच रंग नव्हता.

माझी इस्लामपूरची मावशी शिवणकाम करायची.
अंगातला कपडा अंगातच शिवू नये म्हणायची.
अगदीच वेळ आली, बटण तुटलं, लग्नाला निघायचंय,
तर दातांत दोऱ्याचा तुकडा धरायला लावायची.
मी हसायचे.
पण दवाखाना काही खुंटीला टांगून
सावकाश उसवता येत नाही.
तो रोज कुणाच्या तरी अंगात असतो.
उसवायचा तिथेच, शिवायचा तिथेच,
आत माणूस श्वास घेत असताना.
आणि दोरा दातांत धरायचा होता तो आम्ही.
आम्ही तर सगळा वेळ बोलत होतो.

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले.
बेल वीसदा वाजवली.
पायाला बँडेज त्यांनी स्वतःच बांधलेलं,
गाठ जाळं विणणाऱ्याची, सुबक, घट्ट. फार घट्ट.
"मला वाटलं, तुम्ही बंद केलंत," ते म्हणाले,
आणि चहाला साखर किती ते विचारलं.
तक्रार नाही. वास मात्र होता.
मी नर्स नाही, पण तेवढं मलाही कळलं.

दोन बोटं गेली.
तो खर्च मोठ्या हॉस्पिटलच्या खात्यात पडतो,
आमचा आलेख त्यामुळे
अजून देखणाच आहे.

खिडकी पुन्हा उघडली आहे, गुरुवारी, दोन तास.
रांगही लागते, आणि लोक
रांगेबद्दल माझ्याकडेच कुरकुर करतात.
थॅकरेबाई मार्चमध्ये निवृत्त होतील.
त्यांच्या वहीसाठी मी सिस्टिममध्ये एक रकाना मागून घेतलाय:
'इतर', साठ अक्षरं.
काल आम्ही दोघी बसून भरत होतो.
डॅरन, उबेला येतो, बसू द्या,
एवढं मावलं.
घरी ऊब का नाही, ते त्यांनी मला तोंडी सांगितलं.